हिरडा कानाशी वाजवणारे शेठ

खोटं बोलणं ज्याच्या प्रकृतीलाच मानवत नाही असा माणूस मला आयुष्यात एकच भेटला, आणि तो व्यापारी निघाला. कुणाला दूध पचत नाही, कुणाला वांगं चालत नाही, तसं आमच्या हिरड्याच्या शेठना खोटं चालत नाही. ओठापर्यंत आलं की त्यांना ठसका लागतो. एकदा पेठेतल्या एका लग्नात त्यांना जेवण कसं झालं म्हणून विचारलं, तेव्हा ते इतका वेळ खोकले की वधूपित्याने स्वतः पाणी आणून दिलं आणि पुन्हा काही विचारलं नाही.

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर पांढरी टोपी घातलेले जे गृहस्थ एकदम माझ्या खांद्यामागून पुढे आले, ते हेच. त्यांनी हात जोडले आणि धाकट्याला म्हणाले, "बाळ, मे महिन्यात तू आला होतास तेव्हा तुझ्या माघारी मी म्हणालो होतो, या पोराच्या अंगात पाचटाएवढंही वजन नाही. माफ कर." तुम्ही दोघं हसलात, मग गोंधळलात, आणि नंतर मला विचारलंत की हे कोण आणि माफी कशाची. फोनवर सांगून संपण्यासारखं ते नव्हतं. म्हणून लिहिते आहे. सावकाश वाचा, अडेल तिथे आईला विचारा.

जुन्नरच्या पेठेत आपल्या घरापासून तिसरं दुकान त्यांचं. त्यांचे आजोबा राजस्थानातून इथे आले. शेठ स्वतः राजस्थानात दोनदाच गेले आहेत, दोन्ही वेळा लग्नाला, आणि दोन्ही वेळा ऊन लागून परत आले. बोलणं आपल्या जुन्नरचं, भांडणं जुन्नरची, नाकावरचा चष्माही जुन्नरचाच. दुकानात रानातला सुका माल असतो. शिकेकाई, रिठे, बेहडा, आवळकाठी, आणि सगळ्यांत जास्त हिरडा. आपल्या पश्चिमेच्या डोंगरात, जुन्नरच्या आणि आंबेगावच्या, हिरड्याची मोठमोठी झाडं आहेत. त्यांची कोवळी फळं वाळली की काळी, सुरकुतलेली, बोटाच्या पेराएवढी होतात. त्याला बाळहिरडा म्हणतात. दरवेळी तुमच्या बॅगेत जी काळी पुडी निघते आणि जी तुम्ही विमानतळावर टाकून देता (मला माहीत आहे), ती तीच.

डोंगरातली माणसं एसटीने पोती घेऊन येतात. दुसरे व्यापारी माल हातात घेऊन बघतात, वास घेतात, एखादं फळ फोडतात. शेठ मूठभर हिरडे उचलतात, डोळे मिटतात आणि डाव्या कानाशी वाजवतात. आवाजावरून त्यांना ओल कळते, कितपत सावलीत वाळवला ते कळतं, आणि त्यांचं म्हणणं असं की कोणत्या डोंगरावरचा तेही कळतं. घाटघरची एक म्हातारी मावशी वर्षानुवर्षं त्यांनाच माल देते. तिचा या कानावर विश्वास नव्हता. एकदा तिने पोत्याच्या तळाशी दुसरीकडचे मूठभर हिरडे मिसळले आणि समोर फतकल मारून बसली. "वळखा बरं शेठ," म्हणाली. शेठनी वरून एक मूठ वाजवली, तळातून एक वाजवली आणि म्हणाले, "मावशी, वरचे घाटघरचे. हे खालचे तुमच्या सुनेच्या माहेरचे दिसतात." मावशी पदराने तोंड झाकून हसत सुटली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ह्या मानसाच्या कानात काय बसवलंय, देवालाच म्हाईत."

असा कान असलेल्या माणसाने खूप मोठा व्यवसाय करायला हवा होता. तो झाला नाही, कारण गिऱ्हाईक दुकानात आलं की शेठ आधी मालाने काय होत नाही ते सांगतात. दुकानात पाटी आहे: 'हिरड्याने पोट साफ होते. बाकीचे आम्हाला माहीत नाही.' ही पाटी त्यांनी स्वतः रंगवली आणि मला शुद्धलेखन तपासायला बोलावलं. शुद्धलेखन बरोबर होतं. बाकीच्या व्यापाऱ्यांना पाटी पटली नाही. एकदा शिनोलीहून एक मध्यमवयाचे गृहस्थ आले होते, तेव्हा मी तिथेच शिकेकाई निवडून घेत होते.

"शेठ, आमच्या म्हाताऱ्याला काय बी आठवत न्हाई. बुद्धीचं चूर्ण द्या."

"पावणं, बुद्धीचं आमच्याकडे नाही. पोटाचं आहे."

"आवो, मोबाइलवर दावत्यात की हिरड्यानं डोकं चालतंय म्हणून."

"मोबाइलवाल्यानं तुमच्या म्हाताऱ्याला पाहिलंय का?"

"तुमी तरी कुठं पाहिलंय?"

"म्हणून तर देत नाही."

त्या गृहस्थांनी जरा वेळ विचार केला, मग पोटासाठी पावशेर घेतला. शेठनी त्यांना कमी ऐकू येतं म्हणूनही असेल, म्हाताऱ्यांचे कान आधी तपासून घ्या, मग डॉक्टरला दाखवा, असं दोनदा बजावून सांगितलं आणि घोडेगावची एसटी किती वाजता आहे तेही सांगितलं.

आता माफीचं. जैन लोकांत भाद्रपदातल्या पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, ओळखीच्या सगळ्यांची क्षमा मागतात. 'मिच्छामि दुक्कडम' असं म्हणतात, म्हणजे माझ्याकडून जे वाईट घडलं असेल ते मिटून जावो. बहुतेक जण हात जोडून एवढं म्हणतात आणि पुढच्या घरी जातात. शेठना एवढ्यावर भागत नाही. त्यांच्या खिशात एक छोटी वही असते आणि तिच्यात वर्षभराचे अपराध तारीखवार असतात. माझ्या खुर्चीसमोर उभे राहून ते वाचून दाखवतात. 'आषाढात तुमच्या घरचा चहा घेताना म्हणालो, बाईंनी साखर चिमटीने टाकली. मनात म्हणालो. तरी.' 'दिवाळीत तुम्ही हाक मारलीत, मी ऐकू न आल्यासारखं केलं. घाईत होतो.' मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. समोर आलेलं पान खूण न करता परत जाऊ देणं मला जमत नाही. पहिल्या वर्षी नकळत लाल पेन उचललं आणि प्रत्येक अपराधापुढे बरोबरची खूण करत गेले. शेठना ती पद्धत इतकी आवडली की नंतर ते पेन आहे ना असं विचारूनच वाचायला सुरुवात करू लागले.

शेठांच्या पत्नीला सगळी पेठ भाभी म्हणते. ठेंगण्या, झरझर चालणाऱ्या, आणि एका जागी उभं राहून बोलणं त्यांना माहीत नाही. आमच्याशी गप्पाही त्या पायरी चढता-उतरताच करत. शेठ त्यांना 'तुम्ही' म्हणतात आणि त्या शेठना काहीच म्हणत नाहीत, नुसत्या बांगड्या वाजवतात. त्यांच्या घरी सूर्यास्ताआधी जेवण उरकतं. संध्याकाळ झाली की शेठ घड्याळ बघत दुकानातून निघतात, आणि वाटेत कुणी बोलायला लावलं तर बोलत-बोलत उलटे चालत घर गाठतात. जेवण झालं की भाभी सगळ्यांच्या तळहातावर आपल्या चूर्णाची चिमूट ठेवतात. पाहुणा असो, शेजारी असो, मीटर बघायला आलेला माणूस असो. त्यात हिरडा मुख्य, शिवाय सैंधव, ओवा, आवळा आणि अजून बरंच काही. प्रमाण विचारलं की भाभी हात पुढे करून दाखवायच्या. "ह्याला माहीत आहे," म्हणायच्या. तुमच्या आजोबांचं पोट शेवटची वीस वर्षं त्या हातावर चाललं.

असं सगळं सुरळीत चाललं असताना माझी एक जुनी विद्यार्थिनी पेढे घेऊन घरी आली. निमगाव साव्याची, शेतकऱ्याची मुलगी, वर्गात मागच्या बाकावर बसून सगळ्यांत अवघड प्रश्न विचारणारी. तिला पुण्यात एका प्रयोगशाळेत काम मिळालं होतं. शेठ योगायोगाने वर्तमानपत्र मागायला आले होते. त्यांनी विचारलं, तू तिथे काय करतेस, आणि मुलीने साध्या भाषेत सांगितलं. माणसाच्या त्वचेच्या पेशी घ्यायच्या, काचेच्या ताटलीत वाढवायच्या आणि म्हाताऱ्या होऊ द्यायच्या. प्रत्येक पेशीच्या अंगावर निरोप घेणारी ठिकाणं असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. मेंदू ज्या निरोपांवर चालतो त्यांतल्या काहींचे रिसेप्टर त्वचेच्या पेशींवरही सापडतात. पेशी म्हातारी झाली की ही ठिकाणं कमी होतात किंवा मंदावतात. झाडपाल्यातल्या कोणत्या द्रव्याने त्यांच्यात काही फरक पडतो का, हे ती बघत होती.

शेठनी वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं. मग त्यांनी विचारलं, पेशी म्हाताऱ्या कशा करतेस? ती म्हणाली, आपोआप होतात, घाई असली तर थोडा त्रास द्यावा लागतो. "म्हणजे आमच्यासारखंच," शेठ म्हणाले. पण त्यांचा खरा प्रश्न पुढे होता. त्या पेशींना दुखतं का? तिने हसून सांगितलं की दुखणं कळायला मेंदू लागतो, तो ताटलीत नाही. शेठ म्हणाले, "पण निरोप घेणारी ठिकाणं तर मेंदूचीच आहेत म्हणालीस." त्यावर निमगाव साव्याच्या त्या मुलीने, जिने मला वर्गात कधी गप्प बसू दिलं नाही, तो प्रश्न पेढ्यांच्या खोक्यावर लिहून घेतला.

त्या दिवसापासून दर मंगळवारी दुपारी शेठ माझ्याकडे येऊ लागले. मुलगी फोनवर लेख पाठवायची, मी ते छापून आणायची, आणि एका बाजूला शब्दकोश, दुसऱ्या बाजूला शेठ, अशी बसून वाक्य-वाक्य मराठीत सांगायची. इतकी वर्षं इंग्रजी शिकवूनही त्या इंग्रजीने मला घाम फोडला. शेठांना मात्र समजायचं. त्यांनी सगळ्याचं दुकान करून टाकलं होतं. "बाई, गिऱ्हाईक आत येत नाही. काउंटरवर उभं राहतं, बाळहिरडा म्हणतं आणि जातं. माळ्यावर निरोप पोचतो, पोतं हलतं. काउंटरवरचा माणूस म्हातारा झाला, बहिरा झाला, तर माल माळ्यावर भरपूर आहे, पण खाली येत नाही." मला दोन पानांत जे कळलं नव्हतं ते यातून कळलं. पुढे महिनाभर पेठेत जो भेटेल त्याला शेठ सांगत होते की मेंदूचं हेड ऑफिस डोक्यात असलं तरी शाखा कातडीवरसुद्धा आहेत. न्हाव्याने त्यांची दाढी करताना हात जपून चालवायला सुरुवात केली.

मुलीला तपासायला हिरडा हवा होता. शेठनी घाटघरच्या मावशीच्या एकाच झाडाचा माल निवडला, कानाशी वाजवून एकेक फळ पसंत केलं, माळ्यावर सावलीत वाळवलं, घरच्या खलात कुटलं आणि डबा भरून ठेवला. पुडी भाभींनी बांधली. शेठांच्या मालात भेसळ नसते हे मुलीला लहानपणापासून माहीत होतं. तिने पुडी घेतली आणि नेली.

काही महिन्यांनी तिचा फोन आला. त्या पुडीतल्या अर्काने म्हाताऱ्या पेशींवरची ती ठिकाणं बऱ्यापैकी टिकून राहिली होती. आनंद तिच्या आवाजात मावत नव्हता, तरी तिने बजावलं की शेठ, हे ताटलीतलं आहे, माणसातलं नाही. शेठनी ते वाक्य पाठ केलं आणि कुणालाही बातमी सांगताना आधी तेच म्हणू लागले. तरीही, मुलांनो, माझ्या लक्षात आलं की हा आनंद नुसत्या ज्ञानाचा नाही. हे गृहस्थ अलीकडे दुकान अर्धवट सोडून दिवसातून चार वेळा घरी जाऊन येत होते. भाभी पायरीवर थांबून मला तीच गोष्ट दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विचारत होत्या. एकदा त्या आपल्या अंगणात येऊन, कशासाठी आलो ते न आठवून, तुळशीला पाणी घालून गेल्या. एका सकाळी मी डोकावले तर शेठ त्यांना कोमट पाण्यातून हिरडा देत होते. शिनोलीच्या पाहुण्याला ज्यांनी रिकाम्या हाताने पाठवायची तयारी ठेवली, तेच. मला बघून त्यांनी पेला खाली ठेवला. मी काही विचारलं नाही आणि त्यांनी काही सांगितलं नाही. खोटं बोलायचं नाही, पण विचारल्याशिवाय सांगायचंही नाही, एवढीच आडोशाची जागा त्यांनी स्वतःसाठी ठेवली होती.

मुलीने दुसऱ्या खेपेला अख्खी फळं मागवली. त्याच झाडाची गेली. या वेळी ताटलीत काहीच झालं नाही. पुन्हा केलं, पुन्हा नाही. लेख लिहून जवळजवळ तयार होता, वरचे साहेब विचारत होते, आणि कोणत्या खेपेवर विश्वास ठेवावा ते तिला कळत नव्हतं. ती जुन्नरला आली ती पहिल्या पुडीतली उरलेली पूड बाटलीत घेऊनच. शेठनी चिमूटभर जिभेवर ठेवली. मी त्यांच्याकडेच बघत होते. त्यांनी डोळे मिटले, जसे हिरडा वाजवताना मिटतात, आणि बराच वेळ उघडले नाहीत. मग "बघतो मी" एवढंच म्हणाले आणि भर बाजाराच्या दिवशी दुपारी दुकान बंद करून घरी गेले.

गेल्या वर्षीची संवत्सरी तेव्हा चार दिवसांवर होती. संवत्सरीच्या सकाळी शेठ वही न घेता आले. मला म्हणाले, बाई, त्या मुलीला फोन लावा आणि तुम्ही इथेच बसा. मी फोन टेबलावर ठेवला, तिचा आवाज आला, आणि शेठ फोनसमोर हात जोडून उभे राहिले, जणू ती समोर होती.

"बेटा, मिच्छामि दुक्कडम. तुझं इतक्या महिन्यांचं काम माझ्या घरातून बिघडलं. पहिल्या पुडीत सैंधव आहे, ओवा आहे. तो माझा हिरडा नाही, घरचं चूर्ण आहे. मी डबा भरून ठेवला होता. पुडी दुसऱ्या डब्यातून बांधली गेली."

एवढ्यावर थांबता आलं असतं. डबा बदलला, कुणाच्याही घरात बदलतो. मुलगी तसं म्हणालीही, की चूक तिचीच, कुटलेला माल तिने घ्यायलाच नको होता, अख्खी फळं मागायला हवी होती. पण शेठांना अर्ध्यावर थांबता येत नाही.

"चाळीस वर्षं ते डबे तुझ्या काकूच्या हातचे आहेत. डोळे बांधले तरी चुकायची नाही. आता चुकते. हल्ली बऱ्याच ठिकाणी चुकते." त्यांचे हात अजून जोडलेलेच होते. "हे मी आज पहिल्यांदा बोलतोय."

मग ती मुलगी हळूच म्हणाली, "काका, म्हणजे ताटलीत जे झालं ते काकूंच्या चूर्णाने झालं. मग आता तेच तपासायला हवं." आणि खरं सांगते, माझ्याही मनात एकदम काहीतरी उजळलं. मी म्हटलं, शेठ, म्हणजे औषध तुमच्या घरातच असेल तर?

शेठ माझ्याकडे वळले. आवाज नेहमीसारखाच होता, गिऱ्हाइकाशी बोलायचा. "बाई, ते चूर्ण ती रोज दोन वेळा खाते. लग्न होऊन आल्यापासून. ताटलीतल्या पेशींना लागू पडलं असेल. तिला नाही पडलं. बेटा, हेसुद्धा लिहून घे."

"एका माणसावरून तसंही म्हणता येत नाही, काका," ती म्हणाली. "कदाचित चूर्ण नसतं तर हे आधीच झालं असतं. कदाचित काहीच संबंध नसेल."

शेठनी यावर विचार केला. "बरोबर," ते म्हणाले. "मग एवढंच लिही की माहीत नाही."

तिने तयार लेख मागे घेतला. साहेबांनी तिला काय ऐकवलं ते तिने मला सांगितलं नाही. आणि मग आमच्यासमोर दुसराच प्रश्न उभा राहिला. चूर्ण तपासायचं तर त्यात काय किती ते कळायला हवं, आणि ते ज्या हाताला माहीत होतं तो हात आता विसरू लागला होता. भाभींना लिहिता-वाचता येत असूनही त्यांनी ते कधी लिहून ठेवलं नव्हतं. मग आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो. मी कागद-पेन घेऊन, शेठ दुकानातला वजनकाटा घेऊन. भाभींनी डबे पुढे ओढले. त्यांनी एकेक जिन्नस टाकण्याआधी शेठ त्या डब्याचं वजन करायचे आणि टाकल्यावर पुन्हा करायचे, म्हणजे हाताला न अडवता हाताचं माप कळावं. भाभी खूश होत्या. दोन-दोन माणसं आपल्या हाताकडे बघताहेत याची त्यांना गंमत वाटत होती. "काय बघताय," म्हणाल्या, "परीक्षा आहे का माझी?" पहिल्या दिवशी सुंठ पडली, दुसऱ्या दिवशी पडली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी मेथीच्या डब्यात हात घातला. शेठनी मेथीचंही वजन केलं आणि मला सांगितलं, लिहा. मी लिहिलं. तिन्ही दिवसांच्या तीन पुड्या, तीन कागदांसह, पुण्याला गेल्या. त्यांचं काम सुरू आहे. मुलगी म्हणते, वेळ लागेल, आणि निघेलच असं नाही. या वेळी पुड्या शेठनी बांधल्या आणि भाभींनी त्यांच्यावर बोट दाबून धरलं, दोऱ्याची गाठ बसेपर्यंत.

दुकानातली पाटी आता जरा लांब झाली आहे. खाली खडूने एक ओळ वाढवली आहे: 'विसरण्यावर आमच्याकडे काही नाही. डॉक्टरांना दाखवा. आम्हीही दाखवतो.' पेठेत असं कुणी घरातलं बाहेर लिहीत नाही. पहिले काही दिवस लोक पाटी वाचून न वाचल्यासारखे पुढे जात. मग एका दुपारी शिनोलीचे ते गृहस्थ आले, काही न घेता शेठांच्या शेजारी बाकावर बसले, आणि दोघं बराच वेळ आपापल्या माणसांबद्दल बोलत राहिले. आता ते बाजारासाठी आले की येतातच. घाटघरची मावशीही मालाचं पोतं टाकून आधी भाभींकडे जाते. "भाभी, मी कोन, वळखा बरं," असं विचारते, आणि भाभींना नाही आठवलं तरी स्वतःच नाव सांगून हसते. भाभीही हसतात.

परवाचं, या वर्षीच्या संवत्सरीचं, सांगायचं राहिलं. तुमचा कॉल संपला आणि शेठनी वही उघडली. मी लाल पेन घेतलं. या वर्षी वहीत माझ्या नावावर एकच ओळ होती, आणि ती माझ्याबद्दल नव्हती.

"बाई, रोज संध्याकाळी जेवण झालं की ती विचारते, आज मी काही विसरले नाही ना? मी म्हणतो, नाही." ते खोकले नाहीत. "वर्षभर रोज म्हणालो. तिची माफी मागायची तर आधी तिला सांगावं लागेल. म्हणून तुमच्याकडे आलो."

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, शेठ, हे मी चुकीत धरत नाही. ते म्हणाले, "नाही बाई, धरा. खोटं ते खोटं." ते इतके गंभीर होते की मी पेन पुन्हा उचललं आणि खूण केली. त्यांनी ती खूण जवळून बघितली, वही मिटली आणि खुर्चीवर टेकले.

तेवढ्यात दारात भाभी आल्या. नवी साडी, हात जोडलेले. त्या सकाळपासून तिसऱ्यांदा आल्या होत्या. पहिल्या दोन्ही वेळा मी त्यांना क्षमा केली होती आणि त्यांनी मला. "मिच्छामि दुक्कडम, बाई," त्या म्हणाल्या. "सकाळपासून येईन येईन म्हणत होते. उशीर झाला ना?"

"उशीर कसला, भाभी," मी म्हटलं. "आज तुम्हीच पहिल्या आलात."

भाभींचा चेहरा खुलला. त्या झरझर पायऱ्या उतरून गेल्या. त्यांच्या मागून जायला शेठ उठले, दारापर्यंत पोचले आणि परत फिरले. त्यांनी खिशातली वही काढली, मागची दोन कोरी पानं सांभाळून फाडली आणि माझ्या टेबलावर, लाल पेनाशेजारी ठेवली.

"असू द्या, बाई," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी लागतील."

ती पानं माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. पहिल्यावर परवाची तारीख घालून झाली आहे.